उसाच्या रानात चिपचे कारखाने : तैवानची गोष्ट आणि आपण



गेल्या वार्षिक सभेनंतर मांडवाबाहेर चहा घेताना दोन सभासदांचे बोलणे कानावर पडले. एक म्हणाले, "आबा, पोरगं इंजिनिअर झालं, पण त्याच्याजोगं काम इथं कुठं हाय? पुण्याला गेलं, आता बेंगळूरला जातो म्हणतंय. आपल्या भागात असला एखादा कॉम्प्युटरचा, चिपचा कारखाना निघाला तर काय बिघडलं?" त्यावर आबा म्हणाले, "निघंल की. पण त्याला पाणी कुणाचं देणार? तुझ्या पाटाचं का माझ्या?"

दोघांचेही खरे होते. नवे तंत्रज्ञान ज्या भागात रुजते त्या भागाची बुद्धी आणि कमाई वाढते, हे खरे. आणि त्याच भागातल्या जमिनीला व पाण्याला नवा वाटेकरी येतो, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, आणि तेही उसाच्या रानात, पाहायच्या असतील तर तैवान या बेटाची हकिकत समजून घ्यावी. महाराष्ट्राच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढे हे बेट. एके काळी जगाला साखर विकत होते, आज चिप विकते. हा बदल कसा झाला, त्यात शेतकऱ्याचे काय झाले आणि आपण त्यातून काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

पुंजका म्हणजे काय?

एकाच धंद्यातले पुष्कळ कारखाने, त्यांना माल पुरवणारे, दुरुस्ती करणारे, शिकवणारे असे सगळे एका टापूत गोळा झाले की त्याला हल्ली 'क्लस्टर' म्हणतात. आपण त्याला उद्योगांचा पुंजका म्हणू. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एका गल्लीत पॅटर्न करणारा, दुसऱ्या गल्लीत ओतकाम, पलीकडे लेथ, त्याच्या पलीकडे ग्राइंडिंग. नवा माणूस नुसते डोक्यातले चित्र घेऊन गेला तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात काहीतरी पडते. तेच चित्र घेऊन तो आडगावी बसला असता तर सहा महिने नुसती पत्रे पाठवत राहिला असता.

इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात या गोष्टीची तीन कारणे मांडली. पहिले, कसबी माणसे एका जागी मिळतात आणि माणसांनाही काम मिळण्याची खात्री असते. दुसरे, सुटे भाग व कच्चा माल पुरवणारे जवळ येऊन बसतात. तिसरे आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, धंद्यातली माहिती एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जाते. आपल्या साखरधंद्यातलेच बघा. चांगला पॅनमन एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातो, तेव्हा नुसता माणूस जात नाही. पॅनमध्ये दाणा कधी धरतो ते ओळखण्याची त्याची नजरही बरोबर जाते. ही नजर कुठल्या पुस्तकात छापलेली नसते.

नव्या तंत्रज्ञानाच्या धंद्यात हे तिसरे कारण सर्वांत जोरात चालते, कारण तिथे वर्षा-दोन वर्षांत जुने ज्ञान शिळे होते.

फळबागांचे खोरे

या प्रकारचा जगातला सर्वांत गाजलेला पुंजका अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या सांता क्लारा खोऱ्यात आहे. आज त्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे खोरे आलुबुखार आणि जर्दाळूच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. फळे वाळवणे आणि डबाबंद करणे हा तिथला मुख्य धंदा. म्हणजे मुळात शेतीमालाच्या प्रक्रियेचाच भाग.

तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठ होते. त्यातले प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन हे विद्यार्थ्यांना शिकून पूर्वेकडे नोकरीला जाण्याऐवजी इथेच धंदा काढा म्हणून मागे लागत. ह्यूलेट आणि पॅकार्ड या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी १९३९ साली एका मोटारीच्या गॅरेजमध्ये कंपनी सुरू केली. १९५१ साली विद्यापीठाने आपल्या रिकाम्या जमिनीवर औद्योगिक वसाहत काढली. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधातले एक मानकरी विल्यम शॉकली यांनी तिथे प्रयोगशाळा सुरू केली. पण त्यांचे वागणे न पटल्याने १९५७ साली आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. उसाच्या बेटाला फुटवे यावेत तशा या कंपनीतून पुढे अनेक कंपन्या निघाल्या. १९६८ सालची इंटेल त्यांतलीच.

हे फुटवे निघू शकले याला कायद्याचाही हात होता. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही, असा करार नोकराकडून लिहून घेतला तरी कॅलिफोर्नियात तो १८७२ पासूनच्या कायद्याने सहसा चालत नाही. त्यामुळे माणसे फिरली आणि माणसांबरोबर ज्ञान फिरले. याउलट पूर्वेला बॉस्टन शहराजवळ 'रूट १२८' या रस्त्याकाठी तेवढ्याच तोलामोलाच्या कंपन्या होत्या. एमआयटीसारखी संस्था उशाशी होती. पण तिथल्या मोठ्या कंपन्या सगळे काही आपल्या भिंतीआड करत. छोटे संगणक आल्यावर त्यांना वळता आले नाही. वँग कंपनीने १९९२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, डिजिटल इक्विपमेंट ही बलाढ्य कंपनी १९९८ साली विकली गेली. ॲनाली सॅक्सेनियन या अभ्यासक बाईंनी १९९४ साली या दोन भागांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की नुसते कारखाने जवळजवळ बांधून पुंजका होत नाही. त्यांच्यात देवाणघेवाण पाहिजे.

साखरेचे बेट

आता तैवानकडे वळू. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे हे बेट जपानच्या ताब्यात होते. जपानला साखर हवी होती, म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून तिथे आधुनिक साखर कारखाने उभे राहिले. ऊस वाहायला अरुंद रुळांच्या आगगाड्या आल्या. दक्षिणेकडच्या तैनानच्या मैदानासाठी योइची हात्ता या जपानी इंजिनिअरने वूशानतोऊ धरण व चियानान कालवा बांधला. तो १९३० साली पुरा झाला. आपले भंडारदरा धरण १९२६ सालचे, म्हणजे दोन्ही एकाच काळातली. तिथे पाणी पुरावे म्हणून तीन वर्षांची पाळी होती : एक वर्ष भात, एक वर्ष ऊस, एक वर्ष कमी पाण्याचे पीक. आपल्याकडच्या जुन्या ब्लॉक पद्धतीची आठवण यावी अशीच ही व्यवस्था.

मात्र एक फरक मोठा होता. ते कारखाने कंपन्यांचे होते, शेतकऱ्यांचे नव्हते. प्रत्येक कारखान्याचा टापू ठरलेला, आणि त्या टापूतला ऊस त्याच कारखान्याला घालायचा. भाव कंपनीचा, काटाही कंपनीचा. जगात सर्वांत भोळा कोण, तर ऊस लावून कंपनीच्या काट्यावर नेणारा, अशा अर्थाची म्हण त्या बेटावर पडली होती. १९२५ साली अर्लिन या गावी ऊस उत्पादकांनी उठाव केला, तेव्हा पुष्कळांना तुरुंगात जावे लागले. या अर्लिन गावाचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

महायुद्धानंतर जपानी गेले आणि १९४६ साली सगळे कारखाने मिळून सरकारी तैवान शुगर कॉर्पोरेशन झाले. कारखान्यांबरोबर कंपन्यांच्या मोठाल्या जमिनीही तिच्याकडे आल्या. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तैवानच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा होता. म्हणजे पुढे जे कारखाने निघाले, त्यांची यंत्रे घ्यायला लागणारे परकीय चलन बऱ्याच अंशी उसाने मिळवून दिले. चिपच्या यशाची गोष्ट सांगताना हे सहसा कोणी सांगत नाही.

न्याहारीच्या टेबलावरचा निर्णय

१९७० च्या सुमारास तैवानात कपडे, प्लास्टिकच्या वस्तू, रेडिओ-टीव्हीची जुळणी असे धंदे होते. पण मजुरी वाढत चालली होती आणि नुसत्या जुळणीवर देश किती दिवस चालणार, ही काळजी होती. १९७३ साली सरकारने शिनचू या गावी औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था काढली. शिनचू म्हणजे वाऱ्याचे गाव. तांदळाच्या शेवया आणि काचेचे सामान यासाठी प्रसिद्ध. त्सिंगहुआ आणि च्याओतुंग ही दोन तांत्रिक विद्यापीठे तिथे आधीपासून होती.

फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या एका सोयादुधाच्या हॉटेलात सकाळी काही मोजके लोक न्याहारीला जमले. त्यांत अर्थमंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करणारे इंजिनिअर पान वेन-युआन होते. देशाने चिपच्या धंद्यात उतरावे असे तिथे ठरले. चार वर्षे आणि एक कोटी डॉलर लागतील असा पान यांचा अंदाज होता. १९७६ साली आरसीएशी तंत्रज्ञानाचा करार झाला आणि तरुण इंजिनिअरांची तुकडी अमेरिकेत शिकायला गेली. परत येऊन त्यांनी १९७७ मध्ये नमुन्याचा कारखाना चालू केला आणि इलेक्ट्रॉनिक घड्याळात लागणाऱ्या चिप काढल्या.

इथे आपल्या ओळखीचा एक शब्द वापरतो. चिपच्या धंद्यातही 'उतारा' असतो. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप कोरतात, त्यांतल्या किती चांगल्या निघाल्या त्यावर नफा-तोटा. धुळीचा एक कण बसला तरी चिप बाद. शिनचूच्या नमुना कारखान्याचा उतारा खुद्द आरसीएच्या कारखान्यापेक्षा सरस निघाला! आणलेले तंत्रज्ञान जुनेच होते. पण ते हाताने चालवून, सुधारून, आपलेसे करून घेतले गेले.

१९८० साली या संस्थेतून माणसे आणि तंत्र घेऊन यूएमसी ही पहिली चिप कंपनी निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात शिनचूचे विज्ञान उद्यान सुरू झाले. करसवलत, तयार इमारती, एकाच खिडकीवर परवाने अशी सोय होती. शिवाय परदेशातून परतणाऱ्या इंजिनिअरांच्या मुलांसाठी चांगली शाळाही काढली. हे सांगायचे कारण असे की, माणूस परत आणायचा तर नुसता पगार पुरत नाही, त्याच्या घरच्यांचाही विचार करावा लागतो. सिलिकॉन व्हॅलीत वीस-वीस वर्षे काम केलेले हजारो तैवानी लोक १९८० नंतर हळूहळू परत आले. येताना अनुभव तर आणलाच, पण तिकडच्या ओळखीही आणल्या.

फाउंड्री : सर्वांसाठी एक चरक

मॉरिस चांग हे अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पंचवीस वर्षे काढलेले गृहस्थ. १९८५ साली ते शिनचूच्या संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून आले आणि १९८७ साली त्यांनी टीएसएमसी ही कंपनी काढली. भांडवलाचा निम्म्याला थोडा कमी वाटा सरकारचा, मोठा वाटा हॉलंडच्या फिलिप्स कंपनीचा, बाकी खासगी. त्यांची कल्पना साधी होती. आपण स्वतःची चिप आखायची नाही आणि स्वतःच्या नावाने विकायची नाही. दुसऱ्याने आखलेली चिप फक्त उत्तम बनवून द्यायची.

अशा कारखान्याला 'फाउंड्री' म्हणतात, आणि हा शब्द ओतकामावरूनच घेतला आहे. पॅटर्न घेऊन या, कास्टिंग घेऊन जा. कोल्हापूरचा ओतकामवाला जसे विचारत नाही की हे इंजिन कुणाचे, तसेच.

याचा परिणाम काय झाला तो नीट समजून घेण्याजोगा आहे. आधी ज्याला चिप काढायची त्याला प्रचंड खर्चाचा कारखाना स्वतः बांधावा लागे. आता हुशार चार जण, काही संगणक आणि एक खोली एवढ्यावर कंपनी निघू लागली. आपल्याकडे १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना चालू झाला, तेव्हा नेमके काय घडले? दोन-चार एकरवाला शेतकरी एकटा कारखाना बांधू शकत नव्हता. सर्वांसाठी एक चरक उभा राहिल्यावर त्याचाही ऊस साखरेपर्यंत पोहोचला. सामाईक यंत्र उभे राहिले की छोट्या माणसाला वाट मिळते, हे दोन्हीकडे सारखे. फरक इतकाच की आपला चरक सभासदांच्या मालकीचा आहे, तिकडचा भागधारकांचा.

टीएसएमसीच्या भोवती शिनचूत चिप आखणाऱ्या कंपन्या वाढल्या. १९९७ सालची मीडियाटेक ही यूएमसीतूनच फुटलेली. त्यांच्या मागोमाग रसायने पुरवणारे, चिप तपासणारे, तिला कवच बसवणारे, यंत्रांची दुरुस्ती करणारे आले. एखाद्या यंत्रात अडचण आली तर पुरवठादाराचा माणूस अर्ध्या तासात हजर. अडचण सुटते, आणि सुटताना दोघेही काहीतरी नवे शिकतात. त्या भागातली शोधक वृत्ती वाढते ती अशा रोजच्या गाठीभेटींतून. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपांचा फार मोठा वाटा या छोट्या बेटावर तयार होतो.

ऊस गेला आणि चिप आली

शिनचूत जागा पुरेना, तेव्हा १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास सरकारने दक्षिणेला तैनानजवळ दुसरे विज्ञान उद्यान काढायचे ठरवले. जागा कुठली? तैवान शुगरच्या उसाच्या फडांची. आज जिथे टीएसएमसीचे अत्यंत प्रगत कारखाने उभे आहेत, तिथे तीस वर्षांपूर्वी ऊस डोलत होता. शेजारीच शानहुआचा साखर कारखाना आहे.

चिपने साखर मारली असे मात्र नाही. साखर आधीच उतरणीला लागली होती. मजुरी वाढली, जगातला भाव पडला, तरुण शेतीतून बाहेर पडले आणि एकामागून एक कारखाने बंद झाले. एके काळी चाळीसच्या वर असलेल्या कारखान्यांपैकी आज शानहुआ आणि हुवेई हे दोनच ऊस गाळतात. सर्वांत जुना च्याओतोऊचा कारखाना १९९९ साली थांबला, आता तिथे संग्रहालय आहे. रुळांवरून पर्यटकांच्या गाड्या धावतात. ज्यांच्या घरात धुराडे म्हणजे भाकरी होती, त्यांना ते पाहताना काय वाटत असेल, हे आपणा साखरवाल्यांना वेगळे सांगायला नको.

आणि पाण्याचे काय?

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. चिप बनवताना सिलिकॉनची चकती पुन्हा पुन्हा अतिशुद्ध पाण्याने धुवावी लागते. त्यामुळे या कारखान्यांची तहान मोठी असते. विजेची भूकही तशीच.

२०२० साली तैवानवर एकही तुफान धडकले नाही. तिथली धरणे बरीचशी तुफानांच्या पावसावर भरतात. २०२१ च्या वसंतापर्यंत तिथे अर्ध्या शतकातला सर्वांत कडक दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने काय केले? हजारो हेक्टर भातशेतीचे पाटपाणी बंद केले आणि शेतकऱ्यांना भरपाई दिली. चिपच्या कारखान्यांवर थोडीफार कपात झाली आणि त्यांनी टँकरने पाणी आणले, पण यंत्रे चालू राहिली. हिशेबाने पाहिले तर एका घनमीटर पाण्यामागे चिप कितीतरी अधिक पैसा देते, हे खरे. पण भरपाई पिकाची मिळते. वर्षभर बसून राहिलेल्या मजुराचे, ट्रॅक्टरवाल्याचे, तुटलेल्या गिऱ्हाइकाचे काय? त्यानंतर तैनान भागात शहराचे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देणारे प्रकल्प चालू झाले. हे शहाणपण चांगलेच, पण ते आधी सुचले असते तर अधिक चांगले.

आणखी एक घटना. ज्या अर्लिनमध्ये १९२५ साली ऊसवाल्यांनी उठाव केला, त्याच अर्लिनमध्ये तैवान शुगरच्या जमिनीवर नवे विज्ञान उद्यान काढायचे ठरले. त्यासाठी जुन्या कालव्याचे पाणी वळवायची योजना झाली. शेजारच्या शीजो गावचे शेतकरी २०११-१२ साली रस्त्यावर उतरले, कालव्याच्या कामापुढे बसले. शेवटी सरकारला नमते घ्यावे लागले. उद्यानाचा आराखडा बदलून कमी पाण्याचे उद्योग आणायचे ठरले आणि पाणी वळवण्याचे मोठे काम थांबले. संघटित शेतकऱ्याने कागदपत्रे वाचून, वेळेवर बोलून काय साधते याचा हा दाखला आहे.

प्रदूषणाचेही सांगितले पाहिजे. या धंद्यात विषारी द्रावणे लागतात. ज्या आरसीएने तैवानला तंत्रज्ञान दिले, तिच्याच ताओयुआन येथील कारखान्याने जमिनीखालचे पाणी नासवले. तिथल्या कामगारांत कर्करोगाचे बळी गेले आणि न्यायालयाकडून त्यांना पहिला निकाल मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. सांता क्लारा खोऱ्यातही भूजल दूषित झाल्याच्या तेवीस जागा अमेरिकन सरकारच्या विशेष सफाईच्या यादीत आल्या. धूर दिसत नाही म्हणून कारखाना स्वच्छ, असे समजू नये.

आणि एक धोका आपल्याला चांगलाच ठाऊक आहे, तो एकपिकाचा. तैवान एके काळी साखरेवर टेकून होते, आज चिपवर आहे. चांगल्यात चांगली पोरे, वीज, पाणी, जमीन सगळे एका धंद्याकडे ओढले जाते आणि बाकीचे धंदे वाळतात. पाणी, वीज, जमीन, कामगार आणि कसबी माणसे अशा पाच गोष्टींची टंचाई आहे, अशी ओरड तिथल्या कारखानदारांनीच २०१५ साली केली होती.

आपण यातून काय घ्यावे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुंजका म्हणजे फक्त संगणकाचा असतो असे नाही. आपला साखरधंदा हा स्वतःच एक पुंजका आहे. १९३२ पासून पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे. १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी मिळून मांजरीला संशोधन संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. वालचंदनगर आणि पुणे भागात साखर व आसवनीची यंत्रसामग्री बनवणारे उद्योग वाढले, ते या कारखान्यांच्या मागणीमुळेच. बियाण्याचेही तसेच. जावा बेटावरची पीओजे २८७८ ही जात आणि को २९० यांच्या संकरातून कोईमतूरला को ४१९ निघाली आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी ती रानोरान लावली. ज्ञान समुद्र ओलांडून आले आणि आपल्या मातीत रुजले, कारण ते घेणारी संस्था आणि वापरणारा शेतकरी दोघेही तयार होते.

शिनचूची नक्कल तालुक्याच्या गावी होणार नाही. तिथे दोन विद्यापीठे, संशोधन संस्था आणि सरकारची पंधरा-वीस वर्षांची चिकाटी होती. पाटी लावली, कुंपण घातले, प्लॉट पाडले की विज्ञान उद्यान होत नाही. पण त्यातली रीत आपल्याला घेता येईल. आपल्या प्रयोगशाळेतले माती-परीक्षण, ठिबक, बेणे, इथेनॉल, सहवीजनिर्मिती, फडाचे उपग्रहावरून निरीक्षण या प्रत्येक कामात शिकलेल्या पोराला वाव आहे. शेजारच्या कारखान्यात उतारा का वाढला हे विचारायला आपला माणूस जातो का? तो आला तर आपण दार उघडतो का? का रूट १२८ सारखे भिंतीआड बसतो? नुसत्या या एका सवयीने पुष्कळ फरक पडेल.

आणि उद्या खरोखरच आपल्या भागात मोठा आधुनिक उद्योग येणार असे ठरले, तर सभासदांनी ग्रामसभेत उभे राहून चार गोष्टी विचाराव्यात. एक, पाणी कुठले, किती, आणि दुष्काळाच्या साली पहिली कपात कुणाची? वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणार का? दोन, सांडपाण्याची तपासणी कोण करणार आणि तिचे आकडे गावाला मिळणार का? तीन, इथल्या आयटीआयची व कॉलेजची मुले तिथे शिकून पुढे स्वतःचा धंदा काढू शकतील, अशी काही व्यवस्था आहे का, की नुसते पहारेकरी आणि सफाईवाले इथले घेणार? चार, जमीन विकत घेणार की भाड्याने? तैनानची जमीन बहुतेक एका सरकारी कंपनीची होती. आपली जमीन हजारो सभासदांच्या सातबारावर आहे. एकदा गेली की ती परत येत नाही.

ही चार उत्तरे लेखी मिळाली तर उद्योगाचे स्वागत करायला हरकत नाही. न मिळाली तर शीजोच्या शेतकऱ्यांची आठवण ठेवावी.

त्या दिवशी आबांचा प्रश्न अर्धवट राहिला, कारण जेवणाची पंगत बसली. त्यांच्या मित्राचा मुलगा दिवाळीला गावी येणार आहे. आबांनी त्याला जरूर गाठावे आणि विचारावे, "पोरा, आमच्या पाटाच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं काहीतरी तुला करता येतं का?" कोण जाणे, त्यातूनच एखादी खोली, दोन संगणक आणि चार पोरांचं काम आपल्याच गावात उभं राहील.